आईच्या गुडघ्याच्या गोळ्या आणि सावरीवरचं घरटं

शनिवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कैलीला मैदानावर ठेवलं आणि सात वाजायच्या आत ती संपली.

कैली म्हणजे आमची गाय. संपली म्हणजे खरोखरच संपली. कणा, बरगड्या, शिंगं आणि खुरं एवढंच उरलं, आणि त्या बरगड्यांमधून एक गिधाड मागे सरकत बाहेर येत होतं, पंगतीतून सगळ्यात शेवटी उठणाऱ्या पाहुण्यासारखं. समितीने बांधलेल्या गवताच्या आडोशात बसून मी फोटो काढत होतो. डोळ्यांत पाणी आलं होतं हे नाकारत नाही. फोटो मात्र नीट आले.

आमच्या गावात म्हाताऱ्या गाई कोणी विकत नाही आणि मारत तर नाहीच. मारणारा तुरुंगात जातो. गिधाड समितीने नदीकाठी गोठा बांधलाय. भाकड गाय तिथे नेऊन द्यायची, समिती तिला मरेपर्यंत चारा घालते, आणि मेली की कातडं काढून गिधाडांपुढे ठेवते. अट एकच, गाईच्या पोटात दुखणं थांबवणारं औषध नको. डायक्लोफेनॅक नावाचं औषध आहे, ते गाईला चालतं, माणसाला चालतं. पण ते पोटात असलेली गाय खाल्ली की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं आणि दोन-तीन दिवसांत ते झाडावरून खाली येतं. गुरांना ते द्यायला बंदी आहे. माणसांना नाही.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण मी या समितीचा प्रसिद्धी सदस्य आहे. जिल्ह्याच्या दैनिकाचा बातमीदारही मीच. त्यामुळे मी प्रसिद्धी देतो आणि मीच ती छापायला पाठवतो, आणि आजवर या व्यवस्थेबद्दल दोन्ही बाजूंची काही तक्रार नव्हती. शाळाशाळांत जाऊन मी भाषण देतो, ‘एक सुई, चाळीस गिधाडं’. तेव्हा स्वतःच्या घरची गाय समितीला देणं हे ओघानेच आलं. दिली. शनिवारी ती कामी आली. समितीच्या अध्यक्ष बिफनी महतो सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी येऊन मला ‘दंडपाणी दाजू’, म्हणजे दंडपाणी दादा, अशी हाक मारून सांगितलं की गाय चांगली सांभाळली होतीत, मांस निरोगी होतं. एवढ्या शब्दांसाठी लोक सभागृह भाड्याने घेतात. मी तिथूनच चार परिच्छेद आणि एक फोटो पाठवून दिला. उपसंपादक रेग्मींचं उत्तर आलं, उद्या पान तीन, वरच्या बाजूला.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर ऊन खात बसली होती. वय पंच्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, बाकी सगळं शाबूत. यमकलाने, म्हणजे माझ्या बायकोने, चहा आणून दिला. आईने विचारलं, जाताना कैलीला त्रास नाही ना झाला? म्हटलं, झोपेतच गेली म्हणतात.

“त्रास कसा होईल?” आई म्हणाली. “मी तिला माझ्या गोळ्या देत होते ना.”

मी पेला खाली ठेवला. तो ओट्याच्या अगदी कडेवर ठेवला असावा, कारण नंतर तो अंगणात सापडला.

हळूहळू जे कळलं ते असं. कैलीला गोठ्यात पोचवल्यापासून आई रोज सकाळी काठी टेकत तिथे जायची. स्वतः जेवायच्या आधी गाईला घास ठेवायचा हा तिचा आयुष्यभराचा नेम. गाय घरी नाही म्हणून नेम मोडत नाही, एवढंच की नेमाला आता चालत जावं लागत होतं. भात, गूळ, वर तुपाचा थेंब. कैलीला उठताना कळ यायची, पुढचे गुडघे सुजले होते. आईने आपल्या गुडघ्यांवरून तिच्या गुडघ्यांचं अनुमान काढलं आणि भाताच्या मुदीत गोळ्या दाबल्या.

कोणी अडवलं नाही. का अडवतील? आमच्या नियमांत कुत्र्यांसाठी कुंपण आहे, पशुवैद्यासाठी अटी आहेत, सुई घेऊन आत येणाऱ्यासाठी दंड आहे, आणि हे सगळे नियम लिहिताना मी शुद्धलेखनही तपासलं होतं. गोग्रास घेऊन आलेल्या म्हाताऱ्या ब्राह्मणीची मूठ उघडून बघावी असं आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी बोलून दाखवायची कोणाची छाती झाली नसती.

कोणत्या गोळ्या, हा खरा प्रश्न होता. आई गोळ्या पाकिटातून सोडवून कमरेच्या पटक्याच्या गाठीत ठेवते. पाकीट वाजतं आणि नखाला लागतं. गाठ सोडली. आत एक लाल गोळी, एक पांढरी, आणि एक लवंग. कोणती दिलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, दुखणं थांबवणारी. दुखणं कोणती थांबवते विचारलं तर म्हणाली की दोन्ही घेतल्यावर थांबतं.

गोळ्या हातात घेऊन मी बाजारात घिमिरेंच्या औषधाच्या दुकानी गेलो. शनिवार होता, आमच्याकडे आठवड्याच्या सुट्टीचा दिवस. दुकान बंद. शेजारच्या भांडेवाल्याने सांगितलं की घिमिरे सहकुटुंब देवघाटला स्नानाला गेलेत. फोन लावला तर संपर्काबाहेर. माणूस पुण्य मिळवायला गेला की पहिल्यांदा त्याचा फोन जातो.

परतलो तर कुंपणापलीकडे शेजारचे लाहुरे दाजू उभे, लाहुरे म्हणजे परदेशी फौजेत नोकरी केलेला. भारताच्या फौजेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण कुठेही काही बिघडलं की ते अजून सावधान होतात. यमकलाने त्यांना काही सांगितलं नव्हतं. माझ्या चालण्यावरून त्यांनी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं की पलटणीत खेचराने भलतंसलतं खाल्लं की त्याला मिठाचं पाणी पाजत. चाळीस गिधाडांना मिठाचं पाणी कोण पाजणार, असं मी विचारलं. त्यावर मैदानावरच्या पाण्याच्या टाक्यात दहा किलो मीठ टाकावं, म्हणजे कोणाला धरावंच लागणार नाही, अशी योजना त्यांनी मांडली. यमकला आतून म्हणाली की आज या घरातल्या कोणी कशातही आणखी काही टाकायचं नाही.

तिचं मत होतं की आधी बिफनी दिदींना सांगावं. माझं मत होतं की खात्री झाल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. बातमीदाराने अपुष्ट माहिती पसरवू नये.

“रोज पसरवता तेव्हा कोणाला विचारता?” यमकला म्हणाली.

मी गच्चीवर गेलो. मला भीती मानापमानाची नव्हती. आमच्या गच्चीवरून गोठ्यामागची काटेसावर दिसते. तिच्यावर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची एक जोडी थंडीपासून घरटं धरून आहे. दोघांपैकी एकाच्या पंखावर अभ्यासकांनी लावलेला हिरवा बिल्ला आहे. माघात पिल्लू निघालं. आता ते कोंबडीएवढं झालंय, अंगावर मळकट लव आहे, आणि आई-बाप येताना दिसले की मान अशी वर करतं की झाडाखालून बघणाऱ्याचीही भूक चाळवावी. या सबंध काठावर यंदाचं ते एकच पिल्लू. रोज सकाळी दात घासत मी त्याला बघतो. त्याच्याबद्दल मी तीनदा छापलंय आणि तिन्ही वेळा रेग्मींनी विचारलंय की यात बातमी काय आहे.

पशुसेवा केंद्रातले अर्याल घरी सापडले. अंगणात खुर्ची टाकून न्हाव्यापुढे बसले होते, अर्धं डोकं झालेलं. मी म्हटलं, समजा, एखाद्याच्या गाईच्या पोटात चुकून गोळ्या गेल्या.

“तुमच्याच ना?” अर्याल म्हणाले. “सकाळी मोबाइलवर गावाच्या गटात तुम्ही टाकलेला फोटो बघितला. छान आलाय.”

मान न हलवता त्यांनी समजावून दिलं. तपासायचं तर गाईच्या काळजाचा, म्हणजे यकृताचा, तुकडा पाहिजे. काळीज तर उडून गेलं, मी म्हटलं. मग ज्यांनी खाल्लं त्यांचं रक्त पाहिजे. त्यासाठी पक्षी पकडावा लागेल, पक्ष्याला हात लावायला वन कार्यालयाची परवानगी लागते, कार्यालय आज बंद, आणि उद्या उघडलं तरी ते समितीची शिफारस मागतील, आणि ती शिफारस प्रसिद्धी सदस्यामार्फत जाते. “तो कोण आहे सध्या?” त्यांनी विचारलं. न्हावी हसला. अर्यालांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी मला भीती वाटावी असं एक आणि धीर यावा असं एक सांगितलं. धीराचं हे, की एवढ्या मोठ्या गाईच्या पोटात माणसाच्या दोन-चार गोळ्या म्हणजे कदाचित काहीच नाही. भीतीचं हे, की जे काही असेल ते काळजात आणि मूत्रपिंडात साठतं, त्यामुळे ते सगळ्यांत सारखं वाटलं जात नाही. ज्याने ते खाल्लं त्याच्या वाट्याला सगळं. आज काही दिसणार नाही. दिसायचं असेल तर उद्या संध्याकाळी नाहीतर परवा. पक्षी बसून राहतो, मान लोंबते, दचकवलं की वर करतो, पुन्हा लोंबते.

“काळीज कोणी खाल्लं?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या बाजेवर बसून फोनमधला सकाळचा फोटो मोठा केला. बरगड्यांतून मागे सरकत येणारं ते गिधाड, मान खांद्यापर्यंत लाल, चोचीत काळपट काहीतरी, आणि डाव्या पंखावर हिरवा बिल्ला. शंभर फोटोंतून छापायला मी नेमका हाच निवडला होता.

आज काही दिसणार नाही हे कळूनही मी दुपारी मैदानावर गेलो. लाहुरे दाजू दुर्बीण घेऊन बरोबर आले, मी बोलावलं नव्हतं. चैताचं ऊन, सावरीचा कापूस हवेत उडतोय, आणि नदीच्या वाळूवर, झाडांवर, बांधावर पोट भरलेली गिधाडं बसलेली. प्रत्येकाची मान लोंबत होती. उन्हात गिधाडाची मान लोंबतेच. हेही मी शाळेत मुलांना सांगतो, आणि मुलं ऐकतात. माझं मन ऐकत नव्हतं.

“ते बांधावरचं गेलं,” लाहुरे दाजू म्हणाले.

मी म्हटलं, झोपलंय ते.

“फौजेत आम्हीही आधी असंच म्हणायचो.”

त्या बांधावरच्या गिधाडाने एक डोळा उघडला, शेपटी वर केली आणि पांढरी पिचकारी मारली. मूत्रपिंड चालू असल्याशिवाय ती पांढरी पिचकारी येत नाही. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींनी आनंदलो आहे, पहिली बातमी, लग्न, मुलगी परीक्षेत पहिली आली तो दिवस. पण गिधाडाच्या विष्ठेने इतका सुखावेन असं वाटलं नव्हतं. मी हे लाहुरे दाजूंना समजावून सांगितलं, ही माझी चूक झाली. पुढे तासभर ते प्रत्येक पिचकारी मोठ्या आवाजात जाहीर करत होते, दिशा आणि अंतरासकट.

त्या आवाजाने बिफनी दिदी गोठ्यातून बाहेर आल्या. आता सांगावंच लागलं. मी सांगितलं, सुरुवातीपासून, काही न लपवता, फक्त आईचा उल्लेख आधी ‘घरातली एक व्यक्ती’ असा केला आणि मग तेही सोडून दिलं.

दिदींनी हातातलं चाऱ्याचं ओझं खाली ठेवलं. त्यांनी आणि त्यांच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायकांनी घरोघर फिरून, गावाच्या शिव्या खाऊन ही समिती उभी केली. मेलेली गाय ओढणाऱ्या बायका म्हणून त्यांच्या हातचं पाणी न पिणारी घरं माझ्याच गल्लीत आहेत.

“मागल्या आठवड्यात शाळेत भाषण तुम्हीच केलंत ना, दाजू?” त्यांनी विचारलं. “आमै, तुमच्या आई, तेव्हा कुठे होत्या?”

“गोठ्यात,” मी म्हटलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कामं सांगितली. उरलेली हाडं खोल पुरायची, उद्या-परवा मैदानावर काही ठेवायचं नाही, आमैंना इथे आणायचं. मग त्यांनी सावरीकडे बघितलं आणि मला जे दुपारभर म्हणायचं धाडस झालं नव्हतं ते म्हणाल्या. हिरव्या बिल्ल्याचं गिधाड संध्याकाळी घरट्यावर येईल आणि गळ्याच्या पिशवीतलं पिल्लाला भरवेल. मोठा पक्षी कदाचित निभावून नेईल. पिल्लाचा जीव तो केवढा.

लाहुरे दाजू घरी जाऊन तेलाचा रिकामा डबा आणि लोखंडी पळी घेऊन आले. योजना सोपी होती. पक्षी उतरायला लागला की डबा बडवायचा. पक्षी पळेल, रात्र दुसऱ्या झाडावर काढेल, पोटातलं स्वतःच पचवेल. पिल्लू एक रात्र उपाशी राहील, मरणार नाही.

“आणि घाबरून परत आलाच नाही तर?” बिफनी दिदी म्हणाल्या. “गेल्या साली लग्नाच्या बँडने पलीकडचं घरटं उठलं. अंडं तसंच राहिलं.”

सावरीच्या खोडाजवळ समितीची पाटी आहे, ‘येथे शांतता राखा’. मजकूर माझाच. त्या पाटीशेजारी मी डबा घेऊन उभा होतो.

“घिमिरेंचा फोन आला तर त्यावरून ठरवू,” दिदी म्हणाल्या. “नाही आला तर तुम्ही ठरवा. गाय तुमची.”

यमकला आईला रिक्षातून घेऊन आली. आई पोत्यावर बसली, घरट्याकडे बघितलं, हात जोडले. तिला सगळं सांगून झालं होतं. ती एवढंच म्हणाली की मी इतकी वर्षं त्या गोळ्या खातेय, मला काही झालं नाही.

मध्येच रेग्मींचा फोन आला. मी त्यांना बातमी थांबवायला सांगितली होती.

“मेली का गिधाडं?”

“नाही.”

“मग थांबवायचं कशाला? सातला पान जातं. तोवर मेली तर कळव, मथळा बदलतो.”

पाचच्या सुमारास घिमिरेंचा फोन लागला. देवघाटहून निघालेल्या बसमध्ये होते, मागे कोणीतरी भजन म्हणत होतं. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि सगळे झाडाखाली गोळा झालो. घिमिरे म्हणाले, आमैंना दोन गोळ्या दिल्या आहेत. गुडघ्यांची ती डायक्लोफेनॅकच. त्या गोळीने पोटात आग होते म्हणून बरोबर दुसरी, पित्ताची. ती कोणी खाल्ली तरी काही होत नाही.

“लाल कोणती?” मी विचारलं.

घिमिरे म्हणाले, कंपनी बदलली की रंग बदलतो, पाकीट बघितल्याशिवाय कसं सांगू. पाकिटं आईने चुलीत टाकली होती.

मी आईसमोर उकिडवा बसलो आणि तळहातावर दोन्ही गोळ्या धरल्या. म्हटलं, आई, नीट आठव. यातल्या एकीने आग होते, एकीने थंड वाटतं. कैलीला कोणती दिलीस?

आई चिडली. “आग होते ती मुक्या जनावराला कशाला देईन? थंड वाटतं ती द्यायचे. ही पांढरी.”

लाहुरे दाजूंनी डबा खाली ठेवला. यमकलाने डोळे मिटले. मला रडू येणार होतं, ते मी खोकल्यावर निभावलं. फोनवर घिमिरेही हसले. एकट्या बिफनी दिदी हसल्या नाहीत. त्या आईच्या शेजारी बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, “रोज पांढरीच ना, आमै? शेवटपर्यंत?”

आई आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली.

“शेवटी ती फार कण्हत होती गं,” ती म्हणाली. “मान टाकली होती. तेव्हा गाठीतलं जे हाताला लागलं ते दिलं. लाल होती का पांढरी, मी बघितलं नाही. तिचं तोंड बघत होते.”

बस कुठल्याशा वळणाआड गेली आणि फोन तुटला.

सहाच्या पुढे ऊन उतरलं. लाहुरे दाजूंनी डबा उचलून माझ्या हातात दिला, पळीही दिली, आणि दोन पावलं मागे सरकले. हुकूम देणारा अधिकारी आला की ते सरकत असतील तसे. नदीवरून एक गिधाड आलं, सावरीवर एक घेर घेतला, पाय खाली सोडले. दुर्बीण दिदींकडे होती. त्यांनी एकच शब्द उच्चारला, “हिरवा.”

पिल्लाने मान वर केली. चिरक्या आवाजात ते ओरडायला लागलं, खाली आम्हाला ऐकू येत होतं. मी पळी उगारली. दिदी झाडाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

“कान्छा,” आई मला, तिच्या धाकट्याला, म्हणाली, “ते भुकेलंय का रे?”

पळी वरच राहिली. गोळी पांढरी असेल तर मी एका चांगल्या आईबापाला हुसकावतोय, आणि ते कदाचित परत येणार नाहीत. गोळी लाल असेल तर मी उभा राहून बघतोय. दिवसभर मी लोकांना विचारत फिरलो होतो, आणि आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. हात दुखायला लागला. वरून फांदीवर पंख मिटल्याचा आवाज आला. पिल्लाने डोकं मोठ्याच्या चोचीत घातलं.

मी पळी खाली केली, डब्याला लागू न देता.

पिल्लाने तीनदा घेतलं. मग ते बसलं, मोठं गिधाड त्याच्यावर पंख टाकून बसलं आणि मान खाली सोडली. अंधारात आता दुर्बिणीतून एवढंच दिसतं. रेग्मींना मी नवा मजकूर पाठवतोय, हा नव्हे, छोटा. घिमिरेंची बस अजून आलेली नाही. बिफनी दिदी आणि आई झाडाखाली एकाच पोत्यावर बसल्या आहेत. जोडीतलं दुसरं गिधाड, बिल्ला नसलेलं, हे लिहीपर्यंत घरट्यावर परतलेलं नाही.